एकसष्टावा दोर

फार फार पूर्वी, म्हणजे नेमके कधी ते सांगता येणार नाही इतक्या पूर्वी, डोंगरांच्या मधोमध एक लहान राज्य होते. त्या राज्यात एका दुपारी एका बाईचा अंगठा एका दोरावर क्षणभर थांबला. तो थांबलेला मी पाहिलेला नाही. खरे तर कोणीच पाहिलेला नाही, आणि या गोष्टीतली सगळी अडचण तिथेच आहे.

ही गोष्ट सांगणारे काही जण त्या वेळी जवळच्या झाडावर एक कावळा बसवतात आणि त्याच्या तोंडी शहाणपण घालतात. मी तो कावळा वगळला आहे. त्याने काही पाहिले असते आणि त्याला बोलता येत असते, तर पुढचे बरेचसे टळले असते.

राज्य लहान होते, पण संपन्न होते. जमीन खडकाळ, तिच्यावर धान्य बेताचे पिके, घायपात मात्र उदंड. घायपाताच्या पानांतून निघणाऱ्या धाग्याला तिथले लोक वाख म्हणत. वाखाचे पेड वळायचे आणि तीन पेडांना एकत्र पीळ देऊन दोर करायचा, हेच त्या राज्याचे काम. दूरदूरच्या राज्यांतले झुलते पूल, नद्यांवरच्या नावा, खोल विहिरींचे पोहरे या दोरांवर टांगलेले असत.

त्या कामाने राज्याला सगळे काही दिले होते. घरांना दगडी भिंती होत्या आणि दाराशी पाटाचे पाणी होते. प्रत्येक मुलीला वाचता येई. आजाऱ्याला औषध मागावे लागत नसे. भिकारी कसा दिसतो हे मुलांना दाखवायचे झाले, तर खिंड ओलांडून शेजारच्या राज्यात जावे लागे. गरिबी संपली होती. शेजाऱ्याच्या घराकडे पाहण्याची सवय तेवढी संपली नव्हती. उलट तिला आता भरपूर वेळ मिळू लागला होता.

ही सवय त्या राज्याच्या पहिल्या राणीने फार आधी ओळखली होती, आणि तिने ती कामाला जुंपली होती.

तिने रीत घालून दिली, ती अशी. ज्याने दोर वळला त्याने तो पारखायचा नाही. त्याच्या घरच्यांनीही नाही. पारखायचा तो त्याच्याशी सर्वांत जास्त चढाओढ असलेल्या माणसाने. लोकांनी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "आपल्या माणसाच्या डोळ्याला आपला दोष दिसत नाही. हेवा करणाऱ्याच्या डोळ्याला तो अंधारातही दिसतो. मग असला तीक्ष्ण डोळा फुकट का घालवायचा?"

म्हणून प्रत्येक नवा दोर गावाबाहेरच्या घळीवर ताणला जाई. पारखणारा दोराला टांगलेल्या पाळण्यात बसून स्वतःच्या वजनानिशी पलीकडे जाई. मग तो दोर खाली उतरवून या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात हात मोजत, अंगठ्याने दाबून पाही. दोष सापडला की तो मोठ्याने सांगायचा आणि वळणाऱ्याने तेवढा भाग उसवून पुन्हा वळायचा.

त्यानंतर दोघांनी वळणाऱ्याच्या अंगणात जेवायला बसायचे. दोष सापडला असेल, तर वळणाऱ्याने पारखणाऱ्याला शिरा वाढायचा. सापडला नसेल, तर भाकरी आणि चटणी. लोक शिऱ्यासाठी दोष शोधत, असे कोणी म्हणेल. माझ्या मते ते दोषासाठीच दोष शोधत. शिऱ्यामुळे त्यांना ते हसत सांगता येई.

पारखून झालेल्या दोराच्या मधल्या पेडात एक निळा धागा ओवला जाई. त्यावर वळणाऱ्याचे नाव नसे, पारखणाऱ्याचेही नसे. निळा धागा म्हणजे राज्याचा शब्द.

ही रीत कित्येक पिढ्या चालली. मग पूर्वेकडच्या एका मोठ्या राज्याने नदीवर चाके बसवली. ती चाके पाण्याने फिरत आणि शंभर माणसांचा पीळ एका दिवसात घालत. दोर सुमार होते, पण स्वस्त होते. व्यापारी येऊन म्हणू लागले, "तुमचे दोर उत्तम. पण उत्तम दोर सगळीकडे कशाला लागतो?"

गादीवर तेव्हा एक तरुण राणी होती. हेतूने चांगली, स्वभावाने घाईची. तिला काळजी वाटली की आपले लहान राज्य मागे पडणार. प्रधानाने सल्ला दिला, "लोक सुस्तावले आहेत, राणीसाहेब. चढाओढ वाढवली पाहिजे."

तेव्हापासून दर वर्षी चावडीच्या पांढऱ्या भिंतीवर गेरूने नावे लिहिली जाऊ लागली. ज्याच्या दोरांत वर्षभरात सर्वांत कमी दोष सापडले, त्याचे नाव सर्वांत वर. मोठी कामे आधी त्याला मिळणार आणि जत्रेत राणीच्या उजव्या हाताला तोच बसणार.

पहिल्याच वर्षी राज्यातले दोष चाळिसावरून नऊवर आले. दरबारात पेढे वाटले गेले. दोष कमी झाले, की दोष सांगणे कमी झाले, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पुष्कळशा अंगणांत "तू माझा सोड, मी तुझा सोडते" असे ठरले होते, आणि शिऱ्याचा रवा डब्यांत पडून राहू लागला होता.

दोन बायकांनी मात्र असे काही ठरवले नाही. दोघींनाही तो अपमान वाटला असता.

त्यांतली एक मथुरा, पन्नाशीची. वीस वर्षे राज्यातला उत्तम दोर म्हणजे मथुराचा दोर, हे सांगायला भिंतीची गरज पडली नव्हती. दुसरी तुळसा, तिशीची. ती सोळाव्या वर्षी मथुराच्याच दोरशाळेत पीळ घालायला शिकली आणि पुढे रस्त्याच्या पलीकडे तिने स्वतःची दोरशाळा काढली. आता या दोघी एकमेकींचे दोर पारखत.

भिंतीवर नावे येऊ लागली त्याला तीन वर्षे झाली होती. तिन्ही वर्षे वर तुळसाचे नाव होते.

तीन वर्षांत तुळसाला मथुराच्या दोरांत अकरा दोष सापडले होते. अकराही खरे होते. मथुराने स्वतः अंगठा लावून पाहिले होते. अकरा वेळा तिने तुळसाला शिरा वाढला होता. आणि तीन वर्षे तुळसाच्या अंगणात तिने स्वतः भाकरी-चटणी खाल्ली होती.

हेवा म्हणजे काय, याच्या व्याख्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. मथुराने केले ते मला जास्त नेमके वाटते. तिने आपले पिळाचे चाक उलट्या बाजूला फिरवून बसवले, तुळसाचे अंगण दिसू नये म्हणून. मग तिला दिवसभर मान वळवून पाहावे लागे.

तिला तुळसाच्या दारातल्या पाहुण्यांची संख्या पाठ होती. तुळसाच्या घरी नवी पितळी हंडी कधी आली, हे तुळसाच्या नवऱ्याआधी तिला कळले होते. बाजारात गेले तरी सुटका नव्हती.

"आक्का, यंदाही दुसऱ्याच का?" भाजीवाली विचारायची. "पण काही म्हणा, शिकवलंत तुम्हीच हं तिला!"

"भेंडी जून आहे तुझी," मथुरा म्हणायची आणि न घेताच पुढे जायची.

सर्वांत जास्त बोचायचे ते दुसरेच. तुळसा कृतघ्न नव्हती. ती नव्या मुलींना पीळ शिकवताना म्हणायची, "वाख ओला असताना घाई करायची नाही. हे आक्कांचं वाक्य आहे." ती कृतघ्न असती, तर मथुराला फार सोपे गेले असते.

त्या वर्षी नदीकाठच्या एका मोठ्या राज्याकडून साठ दोरांची मागणी आली. त्यांना सात झुलते पूल बांधायचे होते. मागणी साठांची, आणि वाटेत लागला तर असावा म्हणून रीतीप्रमाणे वर एक. असे एकसष्ट दोर. त्यांतले चौदा तुळसाने वळले. ते मथुराने पारखायचे होते.

नवव्या दोराच्या दिवशी ऊन कडक होते. पाळण्यातून पलीकडे जाऊन मथुरा परत आली. दोर खाली उतरवला. ती टोकाशी बसली आणि हात मोजत दाबत निघाली. तुळसा सावलीत उभी होती. दोन मुली वाख विंचरत गप्पा मारत होत्या.

एकशे चाळिसाव्या हाताला मथुराचा अंगठा आत गेला.

किंचितच, तीळभर म्हणू. पण आतल्या पेडातला वाख नीट सुकला नसेल, तर तो असाच लागतो. असा दोर एका माणसाच्या वजनाला तुटत नाही. दोन-तीन पावसाळे आत ओल धरून राहतो आणि मग एक दिवस, गर्दीच्या वेळी, तुटतो.

तीन वर्षांनी! शिरा! तिने तोंड उघडले.

आणि मिटले. कारण तिला हिशेब उत्तम येत होता. त्या वर्षी मथुराच्या दोरांत चार दोष निघाले होते. तुळसाचा हा एक. भिंतीवर तरीही तुळसाच वर राहिली असती. संध्याकाळपर्यंत तिने तो भाग उसवून वळला असता, आणि बाजारात लोक म्हणाले असते, "बघा, तुळसाचाही हात कधी चुकतो हो, माणूसच आहे ती," आणि तिच्यावर आणखी प्रेम केले असते.

पण हा दोर असाच गेला, तर?

अंगठा पुढे सरकला. एकशे एकेचाळीस. एकशे बेचाळीस.

"काय आक्का," सावलीतून तुळसाने विचारले, "आज तरी शिरा करू का?"

"भाकरीच कर," मथुरा म्हणाली.

ती जेवायला बसली तेव्हा तुळसा समोर येऊन म्हणाली, "चटणीत लसूण जास्त घातलाय. तुम्हाला आवडतो म्हणून." मथुराने दोन भाकऱ्या खाल्ल्या. त्या दोराच्या मधल्या पेडात निळा धागा तिनेच ओवला.

दोर न्यायला नदीकाठच्या राज्याचा पुलांचा कारभारी आला. म्हातारा, जाड, बोलका माणूस. गाड्या भरल्या जात होत्या आणि तो एका दगडावर बसून ताक पीत होता. मथुरा त्याच्याजवळ गेली. तिला एका गोष्टीची खात्री करून घ्यायची होती.

"हे दोर कुणाकुणाचे, ते लिहून घेतलंत का?" तिने विचारले.

"कशाला?"

"पुढेमागे काही झालं तर. ते बघा, दाट पिळाचे, उजवीकडच्या गाडीत. ते तुळसाचे. पारव्या रंगाचे दिसतात ते माझे. आमच्याकडे पोरालाही लांबून ओळखू येतं."

म्हाताऱ्याने डोळे बारीक करून गाडीकडे पाहिले आणि तो हसू लागला. "बाई, मला तर सगळे दोरच दिसतायत. आणि त्यात निळा धागा दिसतोय. आमच्याकडे तुम्हाला काय म्हणतात, ठाऊक आहे? निळ्या धाग्याची माणसं. तुम्ही निळ्या धाग्याची, ती कोण तुमची तुळसा तीही निळ्या धाग्याची, आणि तुमची राणीसुद्धा."

"पण समजा एखादा तुटला, तर कोणाचा होता हे विचाराल ना?"

"तुटला, तर त्याच्यासोबत पुलावरची माणसं जातील. मग मी कुणाला विचारू? निळ्या धाग्याचे आहेत तेवढे सगळे दोर कापून टाकीन आणि पुन्हा इकडे पाऊल ठेवणार नाही." त्याने ताक संपवले आणि भांडे उपडे केले. "का हो? तुटणार आहे का एखादा?"

"छे," मथुरा म्हणाली. "आमचे दोर तुटत नाहीत."

बाहेरच्या माणसाला ही चूक समजणार नाही. ज्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाचा पीळ ओळखू येतो, तिथेच ती होऊ शकते. मथुरा जन्मभर अशा माणसांत राहिली होती, की ज्यांच्या लेखी तुळसाचा दोर आणि मथुराचा दोर या दोन वेगळ्या वस्तू होत्या. खिंडीपलीकडे ती वस्तू एकच होती, हे तिच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

गाड्या निघाल्या. खिंड ओलांडायला त्यांना तीन दिवस लागत. त्या तीन दिवसांत मथुराने बोलायला हवे होते, हे तिला कळत होते. खोटी पारख करणाऱ्याचा पारखण्याचा हक्क जाई, आणि ज्याला पारखण्याचा हक्क नाही त्याला निळ्या धाग्यासाठी दोर वळता येत नसे. म्हणजे तोंड उघडले तर तिची दोरशाळा बंद होणार होती. तोंड मिटून ठेवले, तर कुठल्यातरी पुलावर, कुठल्यातरी वर्षी, कोणीतरी बाजाराला जात असेल.

पहिल्या दिवशी तिने स्वतःला सांगितले की अंगठ्याचा भास झाला असेल. दुसऱ्या दिवशी सांगितले की म्हातारा ते दोर कोरड्या जागी वापरील. तिसऱ्या दिवशी तिने मान वळवून पलीकडे पाहिले. तुळसा एका लहान मुलीचा अंगठा हातात धरून दोरावर दाबून दाखवत होती. "इथं मऊ लागतं का? लागलं तर लगेच ओरडायचं. लाजायचं नाही."

चौथ्या दिवशी सकाळी मथुरा चावडीवर गेली. राणी पाटाच्या पाण्याचे एक भांडण सोडवत होती. मथुरा सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तिने सांगून टाकले: कोणता दोर, कितवा हात, काय हाताला लागले, आणि का बोलले नाही. तिने "चुकून" हा शब्द वापरला नाही, एवढे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

कोणीतरी मागून म्हणाले, "अहो, पण तुमच्याच हाताखाली शिकली ना ती?"

"म्हणूनच," मथुरा म्हणाली.

तुळसाला बोलावून आणले. तिच्या हाताला वाख चिकटलेला होता. सगळे ऐकून घेतल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "एकशे चाळिसावा हात? नक्की?"

"नक्की."

"तिथं मी नवा वाख जोडला होता," तुळसा हळू म्हणाली. "जोड जरा मऊ लागतो. सुकलेला होता, असं मला वाटतं." तिने हाताला चिकटलेला वाख सोडवला. "पण वाटतं. पारख माझी नव्हती."

ती चावडीतून निघून गेली. लोकांना वाटले, रागाने गेली. प्रधान दंडाची भाषा बोलू लागला. घटकाभराने तुळसा परत आली. तिच्या हातात नवी पितळी हंडी होती आणि हंडीत गरम शिरा होता.

तिने मथुरासमोर पान मांडले. "बसा, आक्का."

"तुळसे, नको गं."

"दोष सापडला. रीत आहे. बसा."

मथुरा बसली. तुळसाने शिरा वाढला, वर तूप सोडले. मग ती तशीच समोर उभी राहिली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"तुम्हाला काय वाटलं, मला तुमचा हेवा वाटत नाही? या रस्त्याला अजून 'मथुराक्कांचा रस्ता' म्हणतात. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ते विचारतं, तुम्ही आक्कांच्या हाताखालच्या ना? तुमचा दोर समोर आला की माझा अंगठा वखवखतो, आक्का! म्हणून तर मला सापडतात. यंदाचे धरून पंधरा सापडले. पण सापडलं की मी ओरडते. तुम्हीच शिकवलंत." तिने डोळे पुसले. "खा आता. गार होतोय."

मथुराने एक घास तोंडात घेतला. तो तोंडात धरून ती तशीच बसून राहिली, आणि भोवतालची माणसे एकमेकांकडे न पाहता भिंतीकडे पाहत राहिली. अनेकांच्या घरी रव्याचे डबे भरलेले होते.

राणीने त्याच दिवशी निरोप घेऊन जासूद पाठवले. त्यांनी पुलांच्या कारभाऱ्याला गाठले आणि सगळे सांगितले. म्हाताऱ्याने गाडीतल्या दोरांकडे पाहिले. मग म्हणाला, "जन्मभर दोर घेतोय. आपला दोर वाईट आहे, हे सांगायला आजवर कुणी मागे धावत आलं नव्हतं." त्याने दोर परत दिले आणि बदली साठ दोर, एक पैही न देता, स्वीकारायचे कबूल केले. पण पुढच्या वर्षी त्याने मागणी दिली ती तीसच दोरांची. उरलेले तीस त्याने पूर्वेच्या चाकांवरून घेतले. म्हाताऱ्याचा निर्णय चूक होता, असे मला म्हणता येत नाही.

तो हिवाळाभर सगळे राज्य बदली दोर वळत होते. मथुराची दोरशाळा बंद झाली. परत आलेले दोर मात्र तिलाच पारखायला दिले गेले, कारण तो मऊपणा फक्त तिच्या अंगठ्याला ठाऊक होता. तिने प्रत्येक दोर टोकापासून टोकापर्यंत दाबून पाहिला. मग उसवून पेड पेड पाहिले. तुळसा शेजारी बसून मोजत असे.

चावडीची भिंत राणीने स्वतः उभे राहून चुन्याने रंगवून घेतली. नावे गेली, शिरा परत आला. पुढच्या वर्षी राज्यात सदतीस दोष सापडले आणि दरबारात पेढे वाटले गेले नाहीत. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की चुन्याखालून गेरू अजून वर येतो. सर्वांत वरचे नाव तुळसाचे आहे, हे वाचता येते.

याचे तात्पर्य असे: दुसऱ्याच्या कामात दिसलेला दोष हेव्यापोटी का होईना, पण लगेच बोलून दाखवावा, कारण लपवलेला दोष त्याच्या एकट्याच्या नावावर तुटत नाही, सगळ्यांच्या नावावर तुटतो.

आता राहिलेली एक गोष्ट.

एकसष्ट दोर गेले होते. साठ परत आले. त्या साठांपैकी एकातही, एकशे चाळिसाव्या हाताला किंवा अन्य कुठे, ओला वाख सापडला नाही. तुळसाचे चौदा गेले होते, तेरा आले. जोड तेराही दोरांत त्याच सुमाराला होता, त्यामुळे नववा त्यांत आहे की नाही हे कळेना. वाटेत एका नदीवर नावेचा दोर पुरात वाहून गेला होता आणि माणसे अलीकडे खोळंबली होती. गाडीवानाला दया आली आणि त्याने वरचा म्हणून दिलेला एक दोर हाताला लागला तसा काढून त्यांना दिला. तो तुळसाचा होता. चौदांपैकी नेमका सदोष तोच निघावा, हा योगायोग मला जरा मोठा वाटतो. दोष मुळात नव्हताच, तीन वर्षे तो शोधणाऱ्या अंगठ्याने तो निर्माण केला, हेही मला तितकेच शक्य वाटते. मथुराला मरेपर्यंत याची खात्री करता आली नाही.

जासूद त्या नदीवर पोचले, तेव्हा नाव तिथे नव्हती. ते नावाडी एका जागी राहत नाहीत. पाणी असेल तिकडे नाव नेतात. राज्याने नंतर सात वर्षे माणसे पाठवून शोध घेतला.

तो दोर अद्याप सापडलेला नाही.